यीस्ट दमदार आहे, पण पाकिटावरच्या बातांवर जाऊ नका

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी इतवारीतल्या एका दुकानातून ड्राय यीस्टचं ५०० ग्रॅमचं पाकीट आणलं, साडेचारशेला. वर मोठ्या अक्षरात छापलंय 'कोणत्याही बायोमासपासून इथेनॉल', म्हणजे कुठल्याही काडी-कचऱ्यापासून अल्कोहोल. म्हटलं चला, आपल्याकडे पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या) नि संत्र्याच्या साली काय कमी आहेत का!

आधी चांगलं सांगतो. कोमट पाण्यात चिमूटभर साखर टाकून सोडलं की दहा मिनिटांत फेस येतो. ट्रायलला ५० ग्रॅम ग्लुकोज पावडर घेतली, इथेनॉल मोजायला परवान्याशिवाय दारूसारखं गाळत बसायचं नव्हतं म्हणून बाटली रोज काट्यावर ठेवायचो, कारण जेवढा कार्बन डायऑक्साइड उडून जातो त्याच्याहून किंचित जास्त इथेनॉल आत बनलेलं असतं. तीन दिवसांत २१ ग्रॅम वजन उतरलं, सगळं ग्लुकोज संपलं असतं तर २४.४ उतरलं असतं, म्हणजे ८६ टक्के. इथे पैकीच्या पैकी.

मग ज्यूसवाल्याकडून साली आणल्या, मिक्सरमधून काढल्या, यीस्ट टाकलं आणि दोन दिवस बाटली गपचूप, एक बुडबुडा नाही. दुकानदार काकांना फोन करून भांडलो पण, मेलेलं यीस्ट दिलं म्हणून. (सॉरी काका.) चूक माझीच होती, संत्रा सोलताना डोळ्यात जो तेलकट फवारा उडतो ना त्यातलं लिमोनीन यीस्टला मारतं. लगदा झाकण न ठेवता अर्धा तास उकळला, अख्ख्या लॅबमध्ये संत्रा बर्फीचा वास, थंड करून परत यीस्ट टाकलं तर सकाळी मस्त फसफसून राहिलं होतं.

पऱ्हाटीत मात्र पाकिटाची पोल खुलली. भुगा पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ऑटोक्लेव्ह केला (लॅबचा प्रेशर कुकरच), चुन्याने पीएच ५ वर आणला, काडीतल्या सेल्युलोजची साखर करणारं सेल्युलेज एन्झाइम घातलं (यीस्टपेक्षा कितीतरी महाग, हे आधी कोणी सांगत नाही), ५० डिग्रीवर ठेवलं, गाळलं, थंड केलं, मग यीस्ट. पहिला दिवस सुस्त, ॲसिडमध्ये शिजताना फरफ्युरल नावाचं यीस्टला त्रास देणारं रसायन बनतं त्याने असं होतं. पाच दिवसांनी बुडबुडे बंद, पण साखर मोजायच्या डीएनएस टेस्टमध्ये जवळपास निम्मी साखर तशीच! कुठली साखर ते बघायला बायल टेस्ट केली तर हिरवंगार, म्हणजे झायलोज, ग्लुकोजपेक्षा वेगळी साखर. साधं सॅकरोमायसीस (हेच पाकिटातलं पावाचं यीस्ट) झायलोजला तोंडच लावत नाही, त्यासाठी जीन बदललेलं नाहीतर दुसऱ्या जातीचं यीस्ट लागतं. बारीक अक्षरात तरी लिहायचं ना भाऊ.

उन्हाळ्यात घेणाऱ्यांनी ऐका, हे ३०-३२ डिग्रीवर खूश असतं, ४० च्या वर गेलं की बसतं, आणि लॅबचा इन्क्युबेटर गरम करतो, थंड नाही. मी एप्रिलमध्ये बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून कूलरसमोर मांडल्या, पोरं हसली पण चाललं.

५ पैकी ३ स्टार. उरलेलं पाकीट घरी फ्रिजमध्ये ठेवलं होतं, आईने त्याचे पाव केले, झकास फुगले.