टीसीबीएसच्या तयार प्लेटा : व्हिब्रिओपुरत्या भरवशाच्या

समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला जिताडा मासा एकाएकी खाद्य सोडू लागला, की पहिला संशय व्हिब्रिओ जीवाणूंवर जातो. त्याची शहानिशा करण्यासाठी गेले दोन हंगाम आम्ही टीसीबीएस माध्यमाच्या, म्हणजे नमुन्यातले व्हिब्रिओ वाढवून पाहण्यासाठीच्या खास थराच्या, तयार प्लेटा वापरत आहोत. पावडर उकळून प्लेटा ओतण्याची खटपट वाचते. मात्र फ्रिजमधून काढल्यावर झाकणाला साचलेले पाणी सुकू द्यावे लागते, नाहीतर वसाहती, म्हणजे प्लेटेवर उगवलेले जीवाणूंचे ठिपके, एकमेकींत मिसळून जातात.

३० अंशांवर रात्रभर ठेवल्यानंतर निकाल डोळ्यांना स्पष्ट दिसतो. सुक्रोज पचवणारे जीवाणू आम्ल तयार करतात, त्यामुळे त्यांच्या वसाहतींभोवतीचे हिरवे माध्यम पिवळे पडते. व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसच्या टपोऱ्या पिवळ्या वसाहती एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. तरीही रंगावरून व्हिब्रिओची जात ठरवू नये, कारण जिताड्याला सतावणारा व्हिब्रिओ हार्वेयी पिवळा आणि हिरवा अशा दोन्ही रंगांत उगवू शकतो.

माझी खरी तक्रार पाकिटावरच्या 'माशांच्या रोगनिदानासाठी' या मोघम शब्दांबद्दल आहे. गेल्या हंगामात तोंड कुरतडल्यासारखे आणि शेपटी झिजलेले मासे मरू लागले, तेव्हा आम्ही जखमेवरूनच नमुना घेतला, प्लेट पिवळी झाली आणि व्हिब्रिओ समजून औषधी खाद्य सुरू केले. पाच दिवसांनंतरही मरतूक कमी होईना, म्हणून जखमेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर लांब, बारीक, दोऱ्यासारख्या जीवाणूंचे जाळेच दिसले. ते टेनासिबॅक्युलम या माशांना जखमा करणाऱ्या दुसऱ्या समुद्री जीवाणूचे लक्षण होते आणि तो जीवाणू टीसीबीएसवर उगवतच नाही. व्हिब्रिओ समुद्राच्या पाण्यात एरवीही असतात, त्यामुळे जखमेवरून घेतलेल्या नमुन्यात ते उगवणारच. नुकत्याच मरू घातलेल्या माशाच्या मूत्रपिंडातून निर्जंतुक लूपने (तारेच्या कडीने) नमुना घेतला असता, तर ही चूक टळली असती. स्ट्रेप्टोकॉकस आणि फोटोबॅक्टेरियम डॅमसेलीचा पिसिसिडा हा उपप्रकार हे माशांना मारणारे जीवाणूही या माध्यमावर वाढत नाहीत, म्हणजे मासे पटापट मरत असतानाही प्लेट कोरी राहू शकते. एवढी सूचना पाकिटावर छापणे विक्रेत्याला अवघड नव्हते.

प्लेटा मी पुन्हा घेणार आहे, पण यापुढे त्यांच्याबरोबर, टीसीबीएसवर न उगवणाऱ्या जीवाणूंसाठी, मीठ घातलेल्या रक्त-अगारच्या आणि समुद्री अगारच्या प्लेटाही मागवीन, आणि कोणत्याही प्लेटेवर नमुना लावण्याआधी खरवड्याची स्लाइड पाहीन.