डेमो मराठीत बोलत होता

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. खोटी नोट डोळ्यांआधी बोटांना कळायची. २०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदीच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या, तेव्हाही संध्याकाळी माझ्या काउंटरला एका रुपयाचा फरक निघाला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की म्हातारा भोळा असणार.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. कर्वे रस्त्याजवळच्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन-कम-सेल लागला होता. पुण्यात दिवाळीच्या तोंडावर असे सेल किती लागतात ते सांगायला नको. चादरी, लोणची, मोजड्या, गुडघेदुखीचं तेल, सगळं एका छताखाली. आमची ही चादरींच्या ढिगाऱ्यात शिरली. मी आणि नात ओवी, वय पावणेचार, नुसतेच हिंडत होतो. कोपऱ्यातल्या स्टॉलवर पाटी होती, 'बालगोपाळांचा पहिला कॉम्प्युटर'.

स्टॉलवरच्या मुलीने मला काही विकायचा प्रयत्नच केला नाही. तिने फक्त विचारलं, "आजोबा, बाळ केवढंय? पावणेचार? अगंबाई, मग उशीरच झाला." बस्स. त्या 'उशीर'ने माझं काम तमाम केलं. गाडी चुकल्यासारखं पोटात झालं. ओवीला अजून नीट चपला घालता येत नाहीत, डावी-उजवी करते, तिला कसला उशीर? पण हा प्रश्न मला घरी आल्यावर सुचला.

टेबलावर गुलाबी लॅपटॉप उघडून ठेवला होता. रंगीत पडदा. ओवीने एक कळ दाबली आणि आतून एक बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "क, कमळाचा." ओवी हरखली. दुसरी कळ, "ख, खटाऱ्याचा." मी तर विरघळलोच. हल्लीची सगळी खेळणी इंग्रजीत बडबडतात, इथे कुणीतरी आपल्या भाषेत केलंय म्हटल्यावर माझा अर्धा विरोध तिथेच संपला. मागे फलकावर लिहिलं होतं, '१२० उपक्रम', 'स्क्रीन टाइम शून्य', 'डब्ल्यूएचओ मान्य'. ७,९९९वर काट मारून ४,४९९. वर एक ॲप 'वर्षभर मोफत'.

पैसे मोबाइलवरून दिले. स्क्रीनवर दुकानाच्या नावाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. मी विचारलंही. "साहेबांचंच खातं आहे काका." हातात जो कागद मिळाला त्यावर 'एस्टिमेट' छापलेलं होतं. जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, सही म्हणून एक वेलांटी. बिंदुमाधव जोशींनी ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, त्याच पुण्यात, बँकेतून निवृत्त झालेला मी, तो कागद चौघडी करून खिशात घालून घरी आलो.

खोका टेबलाखालून निघाला होता. सीलबंद. डेमोचा नग टेबलावरच राहिला.

घरी खोका उघडला. तोच गुलाबी रंग. पडद्यावरचं रंगीत चित्र मात्र हलेना. नखाने कोपरा उचलला तर सोलून आलं. ते छापील स्टिकर होतं. खाली कॅल्क्युलेटरसारखी करडी पट्टी, दोन बोटं रुंद. सेल घातले, कळ दाबली. "ए, ॲपल." सगळ्या कळा इंग्रजी. भाषा बदलायचं बटण शोधून शोधून दमलो. ओवीने दहा मिनिटं वाट बघितली आणि विचारलं, "आबा, ती मराठी ताई कुठे गेली?"

मग मी जे आयुष्यभर केलं तेच केलं, मोजायला बसलो. १२० उपक्रम कुठून आले? २६ अक्षरं, ती प्रत्येकी एक उपक्रम. त्या अक्षरांचे २६ शब्द, ते वेगळे. त्याच शब्दांची २६ स्पेलिंगं, तीही वेगळी. झाले ७८. एक ते वीस अंक, ९८. बारा धून, ११०. दहा प्राण्यांचे आवाज, त्यात कोंबडा आणि बदक मला तरी सारखेच वाटले. १२०. हिशेब चोख जुळला, एक रुपयाचाही फरक नाही!

यातला खरा घोटाळा मात्र ओवीने शोधला. यंत्र विचारायचं, 'बी' कुठेय? तिने भलतीच कळ दाबली. "व्हेरी गुड!" आणखी भलती दाबली. "व्हेरी गुड!" दोन दिवसांनी ती तळहात सगळ्या कळांवर आपटून एकदम पाच-सहा शाबासक्या वसूल करायला लागली. मुलगा म्हणाला, "बाबा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ मध्ये स्पीक अँड स्पेल काढलं होतं. त्यात चुकीचं स्पेलिंग टाइप केलं की ते चूक म्हणायचं आणि पुन्हा करायला लावायचं." म्हणजे मी वर्गात असतानाच्या काळातलं खेळणं याच्यापेक्षा शहाणं होतं. असलं काही घ्यायला जाल तेव्हा दुकानातच मुद्दाम चुकीची कळ दाबून बघा. बाकी कसलीही माहिती विचारायच्या आधी हे करा.

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं असतं. लॅपटॉपबरोबर एक छोटा माऊस होता, दाबला की लाल दिवा लागायचा. तिसऱ्या दिवशी ओवीच्या मुठीत काहीतरी चकाकलं. घड्याळाचा सेल. माऊसच्या खालचं झाकण नुसतं नखाने उघडत होतं, स्क्रू नव्हताच. हा बटण सेल गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतसुद्धा भाजल्यासारखी जखम करू शकतो. म्हणून लहान मुलांच्या खेळण्यात सेलचं झाकण स्क्रूने बसवलेलं किंवा हत्याराशिवाय न उघडणारंच असावं लागतं. घरात कुणी असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी 'बघू, पोटातून जाईल' म्हणत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तो माऊस मी त्याच क्षणी कपाटाच्या वर टाकला. माझे हात थरथरत होते, हे हिला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर खोका भिंगाखाली घेतला. एका बाजूला 'मेड इन पीआरसी'. पीआरसी म्हणजे चीन. 'चायना' लिहिलं तर कळतं म्हणून असं लिहीत असावेत. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीचा फोन नाही. हे सगळं पाकिटावर असायलाच हवं. एमआरपीचं चिकटपट्टीसारखं लेबल खरवडलं तर त्याखाली दुसरं लेबल, १,२९९चं. आणि आयएसआयचा छाप. खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून हा छाप सक्तीचा आहे. सेलवर-विजेवर चालणाऱ्या खेळण्याचा मानक क्रमांक आयएस १५६४४. तो छापाच्या वर असतो आणि खाली सीएम/एल असं लिहून लायसन्सचा नंबर. माझ्या खोक्यावर वरचा क्रमांक नव्हता, खालचा होता. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात हा नंबर टाकला की लायसन्स कुणाचं, कशाचं ते दिसतं. टाकला. निघालं विजेच्या वायरचं. शेजारी 'सीई' होतं, ते युरोपच्या नियमांसाठी उत्पादक स्वतःच लावतो, भारतात त्याचा उपयोग शून्य. 'डब्ल्यूएचओ मान्य'ची गंमत वेगळीच. डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटना. तिने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त बसून स्क्रीन नको, कमी तितकं बरं असं म्हटलंय. खेळण्यांना मान्यता देणं हे काही तिचं काम नव्हे.

आता लाजेची गोष्ट. खोक्यात एक क्यूआर कोड होता, मोफत ॲपचा. पहिल्याच रात्री स्कॅन केला. प्ले स्टोअर उघडलं नाही, परस्पर एक फाइल उतरली. मोबाइलने इशारा दिला, मी 'तरीही इन्स्टॉल' दाबलं. 'ॲप चालू करण्यासाठी १ रुपया भरा'. एक रुपयाने काय होतंय? पिन टाकला. दहाव्या दिवशी मेसेज आला की उद्या तुमच्या खात्यातून ९९९ रुपये वळते होतील. दहा दिवस मी घरात कुणाला काही बोललो नव्हतो. त्या रात्री सूनबाईसमोर मोबाइल ठेवला.

ती हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ओरडली नाही, त्यामुळे जास्त लागलं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तो उघडून दाखवला. त्या एक रुपयाबरोबर मी दरमहा ९९९ कापायला कायमची परवानगी देऊन बसलो होतो. तिने ती तिथल्या तिथे रद्द केली. मग त्या ॲपने मागितलेल्या परवानग्या काढल्या. संपर्कयादी, मेसेज, माइक. म्हणाली, "बाबा, एबीसीडी शिकवणाऱ्या ॲपला तुमचे मेसेज कशाला वाचायचेत?" बँकेचे ओटीपी मेसेजमध्येच येतात, हे मी इतरांना काउंटरवरून वर्षानुवर्षं सांगत होतो. तिनेच सांगितलं की व्हीटेकसारख्या नावाजलेल्या खेळणी-कंपनीकडूनसुद्धा २०१५ मध्ये जवळजवळ ६४ लाख मुलांची माहिती फुटली होती आणि २०१८ मध्ये अमेरिकेत तिला साडेसहा लाख डॉलर भरावे लागले. मग या बिननावाच्या ॲपकडे ओवीचं नाव, फोटो आणि जन्मतारीख गेली, त्याचं काय? ते मीच भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत गेलो. रविवार पेठेतल्या एका घाऊक गाळ्यात हाच खोका सापडला, स्टिकरसकट. "साडेसहाशे. डझन घेताय का?"

१९१५ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बोलणारी मुलगी सभ्य होती. विक्रेत्याचं नाव? पत्ता? बिल नंबर? माझ्याकडे फक्त एस्टिमेट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक. तक्रार नोंदली गेली. खोट्या छापाची तक्रार बीआयएस केअरमधूनच केली, फोटो जोडून. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, पण दावा लावायचा कुणावर? 'साहेबांचंच खातं' यावर? कार्यालयाच्या मॅनेजरकडून प्रदर्शन भरवणाऱ्याचा नंबर मिळवला. तो म्हणाला, आम्ही फक्त गाळे देतो. तिसऱ्या खेपेला तक्रारींच्या प्रती घेऊन गेलो तेव्हा त्याने दोन हजार काढून टेबलावर ठेवले. "काका, माझ्या खिशातून देतोय, विषय संपवा." दोन हजार घेतले. तक्रारी मागे घेतल्या नाहीत. उरलेले २,४९९ गेले ते गेले.

हिचं एकच पालुपद. पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, अरविंद गुप्तांनी कित्येक वर्षं काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून खेळणी केली, सगळी कृती त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे, आणि आमच्या घरात मात्र वायरचं लायसन्स असलेला लॅपटॉप. मी उत्तर देत नाही.

मागच्या महिन्यात सिंहगड रस्त्याला तसाच सेल लागला होता. मुद्दाम गेलो. मुलगी वेगळी, लॅपटॉप निळा, बाई तीच: "क, कमळाचा." मी म्हटलं, घेतो, पण टेबलाखालचा खोका इथेच उघडा आणि त्यातून मराठी ऐकवा.

"डेमो तोच आहे ना काका."

"हो, पण मला खोक्यातला ऐकायचाय."

तिने मागे खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे बघितलं. त्याने मोबाइलवरून नजर न उचलता सांगितलं, "पॅक पीस इथे उघडता येत नाही. वॉरंटी जाते."