'द ममी' की 'द ममी रिटर्न्स'?
मुलांसोबत एकच चित्रपट बघायचा तर १९९९ चा पहिला की २००१ चा दुसरा, असं भाचीने विचारलंय. दोन्हींचा दिग्दर्शक स्टीफन सॉमर्स, खलनायकही तोच: शापामुळे ममी होऊन पुन्हा जिवंत झालेला इजिप्तचा पुजारी इम्होटेप.

भीती पहिल्यात खरी. शाप हळूहळू चढत जातो, आणि कातडीखाली शिरणारे किडे लहानांची झोप उडवतील. दुसऱ्यात धावपळ जास्त. लंडनच्या डबलडेकर बसमधली मारामारी झकासच! पण शेवटी येणारा, संगणकावर घडवलेला विंचूराजा अगदीच खोटा वाटतो. (खरा इम्होटेप इजिप्तमधल्या सक्काऱ्याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडचा वास्तुकार मानला जातो, त्याला खलनायक केलेलं मला खटकतं.) गोष्ट पहिल्याचीच घट्ट.

मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर दुसरा लावा, त्यांच्याच वयाचा ॲलेक्स, नायकाचा मुलगा, त्यात आहे. इम्होटेप कोण ते मात्र आधी सांगा. मोठ्यांनी पहिलाच बघावा.