हवेत इंधन भरताना थ्रॉटल: डीसीएसमधल्या बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये एफ/ए-१८सी हॉर्नेट हे लढाऊ विमान घेऊन टँकरच्या (हवेत इंधन देणाऱ्या विमानाच्या) मागे लागायचं असेल, तर पैसे आधी थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, घाला, जॉयस्टिकचं नंतर बघा. थ्रस्टमास्टर कंपनीच्या वॉर्टहॉगचा थ्रॉटल बरेच महिने वापरून माझं हे मत पक्कं झालंय.

याआधीचा माझा थ्रॉटल स्वस्तातला होता, रुळावर पुढे-मागे सरकणारा. बोटांनी हलकं ढकललं तर तो जागचा हलायचा नाही आणि जरा जोर लावला की एकदम अर्धा सेंटिमीटर पुढे जायचा. डॉगफाइटमध्ये हे जाणवत नाही, कारण तिथे थ्रॉटल बहुतेक वेळ एका नाहीतर दुसऱ्या टोकाला असतो. बास्केटपासून (टँकरच्या नळीच्या टोकाच्या टोपलीपासून, जिच्यात आपला पाइप घालायचा असतो) तीन मीटरवर तोच अर्धा सेंटिमीटर सगळा खेळ बिघडवतो. पुढे गेलात म्हणून मागे खेचायचं, मागे पडलात म्हणून पुढे ढकलायचं, आणि विमान टँकरमागे झुलत राहतं.

वॉर्टहॉगचा थ्रॉटल ए-१०सी या लढाऊ विमानाच्या धर्तीवरचा आहे: धातूचा, जड, दोन लिव्हरचा. आत चुंबकीय सेन्सर आहेत. पण मला सर्वांत उपयोगी पडलं ते घर्षण कमी-जास्त करायचं छोटं चाक. मी ते जवळजवळ पूर्ण सैल ठेवतो, फक्त हात काढला तर लिव्हर जागेवर राहील इतपत घट्ट. मग कॅरममध्ये मनगट पाटावर टेकवून स्ट्रायकर सोडतो तसा हाताचा तळवा बुडाच्या कडेवर टेकवायचा आणि हालचाल नुसत्या बोटांनी करायची. खांद्यातून हात हलला की हालचाल मोठी होतेच.

इतक्या बारीक हालचालीची गरज का पडते, हे समजून घेतल्यावर माझा सराव बदलला. थ्रॉटल हलवला की इंजिनाचा जोर बदलायला क्षणभर जातो. जोर बदलला की मग वेग बदलायला लागतो, आणि अंतरातला फरक डोळ्यांना दिसतो तो सगळ्यांत शेवटी. म्हणजे 'आता पुढे सरकतोय' असं दिसेपर्यंत जास्तीचा जोर आधीच लागलेला असतो. त्यामुळे थोडं पुढे ढकलायचं आणि फरक दिसायच्या आतच त्यातलं निम्मं परत घ्यायचं. टँकरपेक्षा दोन-तीन नॉट जास्त वेग भरपूर झाला. तीन नॉट म्हणजे सेकंदाला दीड मीटर. बास्केट आणि तुमच्यात पाच मीटर असतील, तर हे काही कमी नाही. नजर बास्केटवर खिळवू नका, टँकरचा पंख आणि पॉड (पंखाखालचा, नळी सोडणारा डबा) डोळ्यांसमोर ठेवा. बास्केटकडे बघत राहिलात की हात आपोआप तिच्यामागे धावतो.

दोन लिव्हरचा खरा फायदा मला उशिरा उमगला. हॉर्नेटला दोन इंजिनं आहेत. वेग जुळला की डावा लिव्हर तसाच सोडायचा आणि फक्त उजवा हलवायचा. तेवढ्याच हालचालीला जोरातला फरक निम्मा पडतो. इंजिनं एकमेकांना खेटून असल्याने नाक बाजूला वळण्याचा त्रास जाणवत नाही. एकच इंजिन असलेल्या एफ-१६मध्ये ही सोय नाही. तिथे टँकरचा बूम, म्हणजे ताठ इंधन-पाइप, चालवणारा माणूसच तो जोडून देतो आणि टँकरच्या पोटाखालचे दिवे बघत जागा धरून ठेवायची एवढंच तुमचं काम, पण थ्रॉटल तितकाच नाजूक हवा.

सेटिंगमध्ये थ्रॉटलला वक्र (लिव्हर किती हलला की जोर किती बदलेल हे ठरवणारी रेषा) द्यावा की नाही यावर खूप वाद ऐकले. मधला भाग सपाट करणारा वक्र मी मनापासून वापरून पाहिला. हलक्या विमानाला तो छान वाटतो. पण खाली टाक्या लटकवून उंचावर गेलात की थ्रॉटल मधल्या भागातून वर सरकतो, आणि तिथे वक्र नेमका तीव्र असतो. मी सरळ रेषेवर परत आलो. इंधन घेताना विमान जड होत जातं, त्यामुळे लिव्हर हळूहळू पुढे न्यावाच लागतो. अशा वेळी सगळीकडे सारखा प्रतिसाद मिळालेला बरा. टँकर डावीकडे वळला आणि तुम्ही उजव्या पॉडवर असाल तर बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर असता. तिथेही किंचित जास्त जोर लागतो.

सरावासाठी एक मिशन मी स्वतः बांधलंय. १० सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या तेजसने भारतीय हवाई दलाच्या इल-७८ टँकरकडून पहिल्यांदा हवेत इंधन घेतलं: २०,००० फूट उंची, २७० नॉट वेग, १,९०० किलो इंधन. तीच उंची आणि तोच वेग मी केसी-१३५ एमपीआरएस या पंखांखाली पॉड असलेल्या टँकरला दिला. मिशन एडिटर जमिनीसापेक्ष वेग मागतो, म्हणून वारा नसताना तिथे साधारण ३६० नॉट भरा, मग हडवर (समोरच्या काचेवर आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर) २७०च्या आसपास दिसतील. या वेगाला हॉर्नेट छान स्थिर राहतो. वेग फार कमी ठेवला तर नाक वर उचलावं लागतं आणि थ्रॉटलला प्रतिसाद मंद वाटतो.

हॉर्नेटमध्ये वेग धरून ठेवणारी ऑटोथ्रॉटलची सोय आहे आणि काही जण ती इथे वापरतात. टँकरच्या मागे योग्य अंतरावर पोहोचेपर्यंत ठीक. शेवटच्या काही मीटरांत मात्र अंतर जुळवायचं असतं, आणि ते काम हातानेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढे कुठल्याही विमानात हीच सवय कामी येते.

कुठल्याही कंपनीचा थ्रॉटल घ्या, आधी कुणाकडे हात लावून बघता आला तर बटणं मोजत बसू नका. लिव्हर मधोमध ठेवा, एका बोटाने जेमतेम एक मिलिमीटर ढकला, मग तेवढाच मागे घ्या. अडकून सुटला तर परत द्या. पाहिजे तिथे थांबला तर बिनधास्त घ्या.