दुचाकीची देखभाल: घरी की शोरूममध्ये?

खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणाऱ्या माझ्या भाच्याला हा प्रश्न पडला आहे. ऑइल आणि फिल्टरची किंमत दोन्हीकडे जवळपास सारखीच पडते. शोरूममध्ये त्यावर मजुरी आणि मजुरीवर 18 टक्के जीएसटी चढतो, तर घरी चांगले पाने एकदाच घ्यावे लागतात.

खरा फरक साखळीत दिसतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात लाल चिखल साखळीच्या कड्यांत घट्ट बसतो आणि तो पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहत नाही. इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत, ब्रशने साखळी स्वच्छ करून वंगण लावायला आणि तिचा ढिलेपणा पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहायला अर्धा तास पुरतो. हे काम मनापासून होते ते घरीच, असा माझा अनुभव आहे.

इंजिनखालचा ऑइल काढायचा बोल्ट मात्र जपून आवळावा, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की वाचवलेली मजुरी त्यातच जाते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि फ्युएल इंजेक्शनचे (इंजिनात इंधन फवारणाऱ्या यंत्रणेचे) दोष शोधायला स्कॅनर लागतो, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

वॉरंटीतील गाडी ठरलेल्या सर्व्हिसिंगसाठी शोरूममध्येच न्यावी. वॉरंटी संपलेली रोजच्या ये-जाची साधी गाडी, अंगणात सावली आणि रविवारची सकाळ ज्याच्या हाताशी असेल, त्याने ऑइल, साखळी आणि एअर फिल्टर स्वतःच सांभाळावेत.