अँटिव्हायरसने फाइली उघडून देतो म्हणाला आणि २१,४७० रुपये घेऊन गेला

आधी हिशेब. तपासणीचे २,०००, ‘प्रीमियम अँटिव्हायरस आणि डिक्रिप्शन’चे १६,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,९७०. जीएसटीसुद्धा घेतला हो! बिल नाही, आणि नंबर बंद.

माझ्या फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरात रॅन्समवेअर घुसलं, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस; स्टॉप-डीजेव्हीयू जातीचं. प्रत्येक फोल्डरमध्ये चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांत बोललात तर ४९०. अल्बमच्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकमधून, म्हणजे फुकटच्या चोरीच्या कॉपीतून शिरलं. लगेच शहाणपणा शिकवू नका. आमच्या धंद्यात सगळं ओरिजिनल वापरणारा स्टुडिओवाला दाखवा मला. लगीनसराईचा डेटा अडकलेला, नवरीचे वडील दुकानात येऊन बसलेले, अशात कुणी मराठीत ‘दादा, टेन्शन घेऊ नका’ म्हटलं की कुणीही ऐकेल.

नमुना म्हणून त्या भामट्याने एक लॉक झालेला फोटो मागितला. मी हळदीतला पाठवला, आणि ‘उघडल्यावर पडताळायला’ त्यात काय आहे तेही सांगितलं. तासाभरात फोटो उघडून परत! फक्त तो ३१२ केबीचा होता. माझ्या कॅमेऱ्याची फाइल ११ एमबीच्या आसपास असते. रुंदी ६,००० पिक्सेल हवी, होती २,०४८. तो आम्हीच फेसबुकवर टाकलेला फोटो होता, भामट्याने तिथून उचललेला. उभा जन्म फोटोत गेला आणि साइज बघायची बुद्धी झाली नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, एवढंच करायचं होतं.

पैसे गेल्यावर त्याने रिमोटवर घुसून अँटिव्हायरस फिरवला, हिरवी खूण दाखवली. व्हायरस खरंच गेला असेल. फाइली तशाच बंद. अँटिव्हायरस तो प्रोग्राम हटवतो; फाइल उघडायची किल्ली त्याच्याकडे नसते, ती त्या टोळीकडे असते. हे कुठल्या दुकानदाराने सांगितलं का कधी?

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “पायरेटेड वापरत होता का?” म्हणजे आरोपी मीच! मग सायबरवाले साहेब बंदोबस्ताला गेलेत. मग हद्द आमची नाही. मग पेन ड्राइव्हवर पुरावा आणा, आणि आणला तर तो लावायला घाबरतात. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. अरे, फसवल्यावर माणूस स्वतःच पाठवतो, त्यालाच फसवणूक म्हणतात ना?

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर टाकू नका. चिठ्ठीतला आयडी ‘टी१’ने संपत असेल तर ऑफलाइन किल्ली असते, म्हणजे बऱ्याच जणांना लावलेली एकच; एमसीसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचं फुकट टूल चालण्याची शक्यता तिथेच. माझा तसा नव्हता. ‘नो मोअर रॅन्सम’ ही फाइली उघडायची टूल्स देणारी साइट २०१६पासून फुकट आहे, तिथे आधी बघा. ब्राउझरमधले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, यासोबत पासवर्डचोरही येतो. फॉरमॅट मारू नका! ही जात फाइलच्या सुरुवातीचे साधारण १५० केबीच बिघडवते, त्यामुळे मोठे व्हिडिओ कधी कधी दुरुस्त होतात. माझे दोन संगीताचे व्हिडिओ तसे निघाले. फोटो नाहीत.