ऑइल सीलच्या नावाखाली गेलेले 17,500 रुपये

गेली बावीस वर्षे मी एका खासगी आस्थापनेच्या लेखाविभागात दुसऱ्यांची बिले तपासत आलो आहे. फोंड्यातील माझ्या ओळखीच्या लोकांना हे ठाऊक आहे आणि नेमक्या त्याच कारणाने ही हकिकत मी इतके महिने कोणाला सांगितली नाही. परंतु गेल्या महिन्यात शेजारच्या एका शिक्षिकेलाही गाडीचे ऑइल सील गेल्याचे तेच निदान, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकवण्यात आल्याचे समजले, तेव्हा लाज गिळून लिहायला बसलो. गॅरेजचे आणि गावाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

आमची वॅगन आर 2014 सालची. 15 जून 2024 रोजी, शनिवारी, पावसाळ्यानिमित्तच्या 499 रुपयांच्या तपासणीसाठी मी ती एका गॅरेजमध्ये नेली. गाडी लिफ्टवर चढवल्यावर तेथील मालकाने मला खाली बोलावले, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ओघळलेल्या काळ्या तेलावर बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "पात्रांव, हें पळयात. ऑयल सील गेलां." (साहेब, हे पाहा. ऑइल सील गेले आहे.) तेल खरे होते, माझ्या डोळ्यांसमोर टपकत होते. खोटे होते ते फक्त तेल कोठून येते याविषयीचे त्याचे विधान, आणि तेच मी तपासले नाही.

त्याचा रोख ज्या सीलवर होता ते क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला तेल अडवते आणि फ्लायव्हील नावाच्या जड चाकाच्या आड दडलेले असते. वस्तू पाहू जाता साधी आहे: पत्र्याचे कडे, त्याला रबराचा ओठ, आणि तो ओठ फिरत्या शाफ्टवर दाबून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग. किंमत काही शे रुपये. मात्र तिथवर हात पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो, त्यामुळे मजुरी मोठी होते. आणि गाडी जोडून झाल्यावर सील बदलले की नाही हे गाडीच्या मालकाला पाहता येत नाही. लुबाडणाऱ्याला याहून सोयीची जागा गाडीत दुसरी नसावी.

त्याने भीतीही नेमकी घातली. माझी मुलगी बेळगावला शिकते, महिन्यातून दोनदा आम्ही चोर्ला घाटाने जातो, हे मीच गप्पांच्या ओघात त्याला सांगून बसलो होतो. तेल क्लच प्लेटवर गेले तर भर चढणीवर क्लच घसरेल, असे तो म्हणाला. हे अगदीच खोटे नाही. मागचे सील खरोखर गेले असेल तर असे होऊ शकते. पण तसे असते तर क्लच घसरण्याची, इंजिनचा आवाज चढूनही गाडी न ओढण्याची किंवा जळका वास येण्याची काहीतरी खूण मला आधी मिळायला हवी होती. आठच दिवसांपूर्वी मी तोच घाट चार माणसे आणि फणसाचे पोते घेऊन तिसऱ्या गिअरवर चढलो होतो.

त्याने दिलेला हिशेब मला तोंडपाठ आहे. ऑइल सील 850, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट 5,400, रिलीज बेअरिंग 950, इंजिन ऑइल व फिल्टर 1,650, गिअर ऑइल 700, लेथवरचे काम 1,800 आणि मजुरी 6,500. एकूण 17,850, "तुमच्यासाठी" म्हणून 350 रुपये सूट. 8,000 रुपये मी मोबाइलवरून आगाऊ पाठवले. उरलेले 9,500 रोख मागितले, कारण पक्के बिल केल्यास कर लागेल. मी ते मान्य केले. हे वाक्य लिहिताना मला स्वतःचाच राग येतो, कारण कार्यालयात कोणी अशी कच्ची चिठ्ठी आणली असती तर मी ती तोंडावर परत केली असती. माझ्या बचावार्थ एवढेच सांगतो की जूनचा महिना होता, मुलीचे शुल्क नुकतेच भरले होते, आणि वाचतील तेवढे वाचावेत असे कोणालाही वाटते.

आता तो क्षण, ज्यापाशी माझे मन अजूनही रात्री अडकते. सोमवारी सकाळी साडेदहाला मी गाडी त्याच्या हवाली केली. दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी त्याचा फोन आला की गाडी तयार आहे, जेवणासाठी बंद करण्यापूर्वी घेऊन जा. ड्राइव्ह शाफ्ट सोडवणे, इंजिनला आधार देणे, गिअरबॉक्स उतरवणे, क्लच काढणे, सील बसवणे, मधल्या वेळात लेथवर जाऊन येणे आणि हे सगळे उलट क्रमाने जोडणे दोन तास वीस मिनिटांत उरकले होते! मी मात्र "फार लवकर केलेत" असे म्हणून त्याचे आभार मानले. क्लचचे पेडल पूर्वी जिथे पकडत असे तिथेच पकडत होते. नवी प्लेट बसवल्यावर पायाला फरक जाणवतो हे मला ठाऊक होते, तरीही मी गाडी चालवत घरी आलो.

त्याहून वाईट म्हणजे, जुने सील मी मागून घेतले होते. त्याने बाकावरून उचलून एक सील माझ्या हातावर ठेवले, मी त्याचे छायाचित्र काढले आणि आपण सावध ग्राहक असल्याचे समाधान मानले. सीलच्या रबरावर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. माझ्या छायाचित्रात 35, 52, 7 असे स्वच्छ वाचता येते. क्रँकशाफ्टचे मागचे सील तळहाताएवढे असते. हे तर अंगठा आणि तर्जनीच्या वेढ्यात मावत होते. ते कोणत्या गाडीचे, कोणत्या शाफ्टचे होते देव जाणे. पुरावा सात आठवडे माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता आणि आकड्यांवर पोट असलेल्या माणसाने ते तीन आकडे वाचले नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंगणातल्या सिमेंटवर पुन्हा काळे थेंब दिसले. पत्नीने ते वातानुकूलन यंत्राचे पाणी असेल म्हणून पुठ्ठा अंथरायला सांगितले. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा पसरून चिकट राहतो. तो चिकट होता. गॅरेजवाल्याने गाडी नुसती वाकून पाहिली आणि सांगितले की शाफ्टवरच खाच पडली आहे, क्रँक काढावा लागेल, 38,000 रुपये होतील. त्या आकड्याने माझे डोळे उघडले.

माझे मेव्हणे मला त्यांच्या परिचयाच्या एका वयस्क मेकॅनिककडे घेऊन गेले. त्यांनी कोणतेही हत्यार उचलण्यापूर्वी गाडीखाली शिरून मला हाक मारली. "भाऊ, हे बोल्ट पाहा." गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बोल्टांच्या डोक्यांवर आपल्याकडच्या रस्त्यांची लाल माती तेलात मुरून दगडासारखी बसली होती. त्यांवर पाना कधी लागलाच नव्हता. मग त्यांनी इंजिनची वरची बाजू डिझेलने धुऊन कोरडी केली, तिच्यावर घरातली साधी टाल्कम पावडर उडवली आणि इंजिन वीस मिनिटे चालू ठेवले. पांढऱ्या पावडरीत तेलाची ओली रेघ वरून खाली उतरताना दिसली. उगम होता टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगपाशी. तिथून तेल इंजिनच्या अंगाने ओघळत नेमके गिअरबॉक्सच्या सांध्याशी पोहोचत होते. तेल दिसते तिथेच गळत असते असे नाही, अनेकदा ते वरून वाहत येते. म्हणून उगम दाखवल्याशिवाय कोणत्याही सीलला हात लावू देऊ नये.

पॅकिंगमधून तेल का गळू लागले याचेही कारण त्यांनी दाखवले. क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतील, वाफ बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चिकटाने बुजला होता, आतला दाब वाढत होता आणि जी जागा सर्वांत दुबळी तिथून तेल बाहेर पडत होते. तो व्हॉल्व्ह तसाच ठेवून नवे सील बसवले असते तर तेही टिकले नसते. पॅकिंग 480, व्हॉल्व्ह 350, मजुरी 600: एकूण 1,430 रुपये. पहिल्या गॅरेजने इंजिन ऑइल खुणेच्या वर भरले होते, तेही त्यांनी काढले. तेल मोजायच्या काठीवरच्या वरच्या खुणेपुढे तेल भरू नका, सकाळी थंड इंजिनवर, सपाट जागी पाहा. आणि बाटलीतले गळती थांबवणारे औषध कोणी सुचवले तर नको म्हणा. ते रबर काही काळ फुगवते, झिजलेला ओठ नवा करत नाही.

यानंतरचे सहा महिने मी ज्या दारांत घालवले त्यांविषयी संयमाने लिहिणे मला जड जाते. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्या दिवशी हा दिवाणी मामला असल्याचे सांगण्यात आले, तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला पण पोच देण्यास नकार मिळाला. वाहनांशी संबंधित कार्यालयात आम्ही गाड्यांची नोंदणी करतो, गॅरेजची नाही, असे एका लिपिकाने मान वर न करता सांगितले. कराच्या कार्यालयात तर, करविरहित चिठ्ठी तुम्ही स्वीकारलीतच का, असा प्रश्न मलाच विचारण्यात आला, जणू गुन्हेगार मीच. आणि दुर्दैवाने त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तो कोण देतो हे सांगितले नाही. एका टेबलावर माझ्या अर्जाची प्रत हरवली, तेव्हा मला पुन्हा झेरॉक्स काढून आणायला लावले, दुकान दीड वाजता बंद झाले, आणि साडेतीनला परतलो तेव्हा संबंधित व्यक्ती रजेवर गेली होती. अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या माझ्या अकरा रजा यात गेल्या. 17,500 रुपयांसाठी एवढे कशाला, असे मला तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवरून ऐकवण्यात आले.

म्हणून आपल्याला हे ठाऊक असू द्या: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण रोख दिलेल्या पैशांची खूण हातात नसेल तर कायदा तुमच्यासाठी फार काही करू शकत नाही. माझ्या तक्रारीत 8,000 रुपये सिद्ध होतात. 9,500 साठी माझा शब्द आहे आणि गॅरेजवाल्याचा नकार.

तक्रार दाखल झाली आहे, तारीख मिळायची आहे. तोवर गाडी धुणाऱ्या मुलाला मी सांगून ठेवले आहे की वरून काय हवे ते धू, खालून पाण्याचा फवारा मारू नकोस. त्या बोल्टांवरची माती अजून जशीच्या तशी आहे.